जिभेवरचा गाळ

माय, आज कार्यालयात साहेबांशी माझं वाजलं, आणि त्याला कारण तूच आहेस.

पैनगंगेचं पाणी उतरलं की पात्रात आपली डांगरवाडी, खरबूज-टरबुजांची, लागायची. बी टाकण्याआधी तू ओल्या गाळात बोट बुडवून ते जिभेवर ठेवायचीस, डोळे मिटून चव घ्यायचीस, गिळायचीस आणि मगच जागा ठरवायचीस. मी शाळेतून येऊन तोंड वाकडं करते, तू हसतेस. "काऊन किळस करून राह्यली? खारट असला तं वेल जळते. मातीले न इचारता बी टाकतेत काय?" मग तेच बोट लुगड्याला पुसून मला भाकर देतेस, आणि भाकरीलाही त्या गाळाची चव लागते.

आता माझं कामच ते आहे. नदीकाठची माती माणसाच्या पोटात किती जाते, याचा अंदाज बांधायचा. वरून सांडपाणी येतं, कापसावर फवारलेलं औषध पावसाबरोबर उतरतं, सगळं त्या गाळात बसतं. आमच्या अंदाजात पोहणारे आहेत, हात न धुता खाणारे आहेत, काठावर खेळणारी लेकरं आहेत. माती चुकून पोटात गेली पाहिजे, एवढीच अट. मी चव घेणाऱ्या बायांचं सांगितलं, तर साहेब म्हणाले, "जानबूझकर मिट्टी कौन खाता है, मैडम?" म्हणजे त्या बाया हिशेबातच नाहीत, आणि हिशेबात नाहीत म्हणून त्यांना सावध करायलाही कोणी जाणार नाही. कपाळावर हात मारून घेतला मी.

तुझी वाडी आता वहिनी करते. तिला हात जोडून सांगितलं, चव घेऊ नको. ती म्हणाली, "मायनंच शिकवलं ना, ताई? माय तं म्हातारी होऊन गेली, काय झालं तिले?" तेव्हाचा गाळ वेगळा होता, हे तिला पटत नाही. तू एक शब्द बोलली असतीस तर तिनं ऐकलं असतं. नेमकी तूच नाहीस, आणि मला तुझाच राग येतो.

हे पत्र तुला कुठं धाडता येणार आहे, म्हणून सांगून टाकते. परवा नमुने घ्यायला वाडीवर गेले होते. बाटल्या भरून झाल्या. वहिनी पाठमोरी होती. मी हातमोजा काढला आणि बोट बुडवलं. चव अगदी तीच होती, माय. जिभेला काही म्हणजे काही वेगळं कळलं नाही. आणि मी थुंकले नाही.