डोळे मिटून ओळखलेली पोरं

रवि. ६ फेब्रुवारी ४४

पेजेच्या पातेल्याचा खरा खर्च एकदा मांडून ठेवतो. कल्याणच्या भंगारात मिळालं, पैसे किरकोळच. पण त्यापायी सौ. दोन दिवस बोलली नाही, बाबू मुनिमाचा अंगठा भाजला, आणि कण्या नेणारा कोंबडीवाला कायमचा तुटला. वर सौ.चा टोमणा, "अहो, ही गिरणी आहे की पांजरपोळ?" लढाईपायी सगळं महाग. कण्या तेवढ्या घरच्या.

इंजिनाची पुकपुक वर ठाकरवाडीपर्यंत गेली की पोरं पेजेसाठी उतारावरून धावत येतात. ज्याचं त्याचं भांडं. मी गल्ल्यावर डोळे मिटून बसतो. बाबूशी पैज, नुसत्या आवाजावर सांगतो कोण आलं. आजही एक चुकलं नाही. खोकतो तो गोम्या, नाकात बोलते ती जनी. ठमी तर पाच-सहा वर्षांची पोर, पण गळा म्हाताऱ्या बेडकाचा.

"शेट, मी कोन?"
"तू ठमी."
"नाय. मी मांजर."

बाबूला म्हटलं, वाडीवर सांगून ठेव. पोर हरवलं तर शेटकडे या, कानाने हुडकून देईन. बाबू खरंच सांगून आला.

खर्डी स्टेशनात गवताच्या गासड्या उचलल्या, त्यातून ही गिरणी उभी केली. इतकी वर्षं इंजिन चालू झालं की बरं वाटायचं. हल्ली ते बंद पडल्यावर जे भुरके ऐकू येतात, त्यांच्यासाठी सकाळी उठतो. हे कुणाला सांगायचं नाही. बाजारात हसं होईल.

बुध. ९

टोचणीचा डॉक्टर येऊन गेला. खर्डीच्या बाजूला देवी आल्यात. पोरांच्या अंगावर उठल्या, दोन घरं रिकामी झाली म्हणे. वर ठाकरवाडीत एकाच्याही दंडावर टोचल्याची खूण नाही. डॉक्टर म्हणाला, "शनिवारी लस आणतो. पोरं किती तेवढी आधी सांगा. फुकट गेली तर मला पुन्हा देणार नाहीत."

पोरं एका जागी बसतील तर ना. तीच पुन्हा रांगेत. बाबूने शाईचा ठिपका लावून पाहिला, पोरांनी चाटून काढला. मग मीच म्हटलं, देवघरातलं कुंकू आण. पेज खाऊन झाली की ओल्या बोटाने कपाळाला टिळा, मग मोजणी. झकास काम. गार बोट लागलं तशी ठमीने मान अशी झटकली की बाबूच्या धोतरावर शिंतोडे. सगळी हसली. मीही.

बायाबापड्या बांधावर उभ्या राहून बघत होत्या. त्या हसल्या नाहीत. ते आता आठवतं.

गुरु. १०

इंजिन सुरू केलं. कोणी आलं नाही. पेज थिजली. दुपारी पुन्हा सुरू केलं, भरडायला भात नसताना. तेल जाळलं नुसतं.

कान दुखेपर्यंत ऐकत बसलो. काही नाही.

शुक्र. ११

बाबूने बातमी आणली. तोंडाला फेस.

मुरबाड रस्त्यावर ओढ्याच्या मोरीचं काम. बांधतात, खचते. पुन्हा बांधतात, पुन्हा खचते. तिथल्या मजुरांचा तांदूळ माझ्या गिरणीतून जातो, गाडी माझी. वाडीत आता बोलतात, मोरी पोर मागते आणि शेट पोरं पोसतो ती त्यासाठी. बाबू मान खाली घालून म्हणाला, "शेट, आपण पण तसंच केलं ना. भात चारला. कुंकू लावलं. ठमीने मान हलवली."

चहाचा पेला खाली ठेवला.

आमच्या घरी गावदेवीला बकरा असाच द्यायचे. भात चारायचा, कुंकू लावायचं, डोक्यावर पाणी शिंपडायचं. मान झटकली की देवीने घेतला. दोरी लहानपणी माझ्याच हातात असायची. आणि पोरांना ओल्या बोटाने टिळा लावताना मला हे सुचलं नाही. मला. शहाण्याला.

संध्याकाळी वाडीतले चौघे कोयते घेऊन रस्त्यापलीकडे उभे. लाकडं तोडून परतत असतील. पण बसले नाहीत, बराच वेळ माझ्या गिरणीकडे बघत होते. मागे भाताच्या तुसाचा ढीग, वाळून कोरडाठक झालेला. एक काडी पुरे. बाबू आणि मी पाण्याचे डबे भरून ठेवले. सौ.ने कडी लावली, वर पाटा सरकवला. टोमणा मारला नाही. त्याची जास्त भीती वाटली.

शनि. १२

डॉक्टर आला. अंगणात पोरांऐवजी कावळे. "लस उद्यापर्यंत टिकेल. पुढे ती पाणीच."

म्हटलं, उद्या वर जाऊ.

"मारतील."

"मारतील," मी म्हटलं.

रवि. १३

आजचं लिहायलाच हवं.

वर गेलो. मी, डॉक्टर. बाबूला खाली ठेवला, त्याला पोरंबाळं आहेत. वाडीत शिरताना एक पोर दिसेल तर शपथ. पण कुडांच्या आत श्वास ऐकू येत होते, दाबलेले. गोम्याचा खोकला ओळखला. आईने तोंडावर हात दाबला असणार, मध्येच तुटला.

ठमीची आजी सोमाय उंबऱ्यात बसलेली. बाप्ये मागे उभे.

"आजी, पोरांना देवीची टोचणी द्यायची आहे. दुसरं काही नाही."

"बकऱ्याला बी भातच चारतात, शेट."

खरंच होतं. मी सदरा काढला, तिच्यापुढे मातीत बसलो. म्हटलं, "मग कुंकू मला लाव. पहिला मला टोचू दे. मोरीला कोणी लागतच असेल तर मी जातो."

कोयते दिसत होते, मी तिकडे बघितलं नाही. मग मागून एक म्हातारा म्हणाला, "याला कुठं घालता? येवढं प्वाट मोरीत मावाचं नाय." एक बाई फिसकन हसली. दुसरी हसली.

डॉक्टरने मला टोचलं. सोमायने वाकून जखम बघितली, दोन बोटांनी दाबून बघितली. कुंकू लावलं नाही. मग आतून एकेक पोर निघालं. पुष्कळ झाली टोचून. सगळी नाही.

ठमी दिसेना. विचारलं.

"ठमी नाय."

"कुठे आहे?"

"हाय. तुज्यापून लांब हाय. इचारू नको."

रवि. २०

पोरं येऊ लागली आहेत. आधी लांब उभी राहायची, आता भांडी वाजवतात. दंड सुजलेत, टोचणी उठली, फोड धरलेत. एकमेकांना दाखवतात. डॉक्टर खूश. मोरीही या खेपेला टिकली, कशी कोण जाणे. वाडीत म्हणे आता दुसरीच कुजबुज, की शेटने कुठून तरी दुसरं पोर आणून घातलं. हसावं की रडावं.

गल्ल्यावर डोळे मिटून बसतो. गोम्या. जनी. रांग संपते. घोगरा आवाज येत नाही. बाबू आता पैज लावत नाही.

सौ. आज सहज म्हणाली, "ती मांजर आली का हो?" तिला नाव माहीत होतं हे मला माहीत नव्हतं.

रवि. २७

सोमाय गिरणीत आली. आपण होऊन, भर उन्हात, चालत. आत येईना. दारात बसली.

ठमीला तिने कुंकू लावलं त्याच रात्री खर्डीला पाठवली होती. मावशीच्या घरी. माझ्यापासून लांब. त्या घरात देवी आल्याचा निरोप आज आला. मावशीची आपली तीन, चौथी ठमी. कोणाच्या अंगावर उठल्यात ते निरोप्याला ठाऊक नाही. देवी घरात असताना नाव घेऊन विचारायचं नाही, सांगायचं नाही. बाहेरच्याने उंबरा ओलांडायचा नाही. सोमायनेही नाही.

ज्या देवीपासून वाचवायला निघालो, तिच्याच दारात पोर माझ्या कुंकवाने पोचवली.

सोमाय म्हणाली, "बाबू बोलला व्हता. तुला पोरांचा आवाज कळतो. चल. भाइर उभा ऱ्हा आन् मला सांग, ती हाय का."

सौ.ने वाटेला भाकरी बांधून दिली. तीन बांधल्या. एक लहान.

सोम. २८, खर्डी

उजाडता पोचलो. डॉक्टर सोबत. घराच्या दाराला निंबाचे डहाळे, अंगण सारवलेलं, चूल थंड. मावशी दारात आली, डॉक्टरची पेटी पाहिली आणि मान हलवली. नको. देवीला राग येईल. सोमायकडे तिने पाहिलं, पण ओठ उघडले नाहीत. आत गेली.

डॉक्टरला बांधावर बसवला. सोमाय आणि मी कुडाला लागून उभे. आत निंबाच्या पाल्याने वारा घालत होते, त्याची सळसळ. मग एक पोर कण्हलं. पुन्हा कण्हलं. आजारात घसा सुजतो, सगळ्यांचाच आवाज बसतो, डॉक्टर मागाहून म्हणाला.

मी डोळे मिटले. सोमायने माझं मनगट धरलं होतं.

खूप वेळ ऐकलं.

आवाज ओळखता आला नाही.