काकासाहेबांच्या स्वेटरचा गळा

कुंभार पिंपळगाव,
शनिवार, ४ जानेवारी १९७५

चि. सौ. शिवकन्या हीस अक्काचा आशीर्वाद.

इकडं सगळे खुशाल, मायचे गुडघे सोडून. थंडी पडली की ते दोघं आणि माय तिघं मिळून कण्हत बसतात.

अप्पा उद्या पहाटेच्या गाडीनं भोकरदनला निघून राह्यले. संक्रांतीचं वाण, तिळाचे लाडू आणि आमच्या जावयाचा, काकासाहेबांचा स्वेटर बरोबर देते. ही चिठ्ठी अप्पांच्या टोपीत आहे, तुझ्याच हातात देतील. वाचली की चुलीत घाल, ठेवू नको. तू दिवाळीत इथं स्वेटर विणून संपवला आणि जाताना घाईत विसरलीस, हेच अप्पा तुझ्या सासूबाईंपुढं सांगतील. दोनदा म्हणवून घेतलंय त्यांच्याकडून. तरी मध्येच काही भलतं बोलायला लागले तर चहा पुढं कर.

तुळजाबाईंनी सूनबाईच्या हातचा म्हणून एवढी भारी लोकर आणून दिली, त्यामुळं मीही काही कसर ठेवली न्हाई. मेंदीचा रंग उन्हात काय खुलतो गं. रोज दुपारी अंगणात बसले की गोजरबाई पलीकडून येऊन लोकरीला गाल लावून जायची. तिच्या नातवाला उरलेल्या लोकरीचं टोपरं केलं, वर गोंडा. पोरगं गोंडाच चोखतंय दिवसभर. आणि पुढच्या बाजूची ती वेलाची नक्षी कुठली माहीत आहे का? जालन्याच्या गाडीत पुढच्या बाईच्या पाठीवर होती. टाके मोजता मोजता अंबड मागं गेलं, मला पत्ताच न्हाई. कंडक्टरनं पुढच्या फाट्यावर उतरवलं आणि वर बोलला तो बोललाच.

गळा आता जरा आवळ वाटंल. घालून घालून होतो सैल. पण संक्रांतीच्या आधी कुणाच्या अंगावर चढवू नको, नवा कपडा सणालाच घालावा. हळदीकुंकवाला बाया जमल्या की सासूबाई मिरवतीलच तुला. तू फक्त खाली मान घालून बस.

माय विचारते, चपात्या गोल यायला लागल्या का.

तुझी अक्का,
बेबीनंदा


कुंभार पिंपळगाव,
बुधवार, ८ जानेवारी १९७५

शिवू,

हे पत्र कांताबाईच्या पत्त्यावर टाकते. तुझी शाळेतली मैत्रीण आहे, फोडून बघणार न्हाई आणि जल्दी पोहोचवंल. तुझ्या घरी आलं तर तुळजाबाईच्या हातात पडायचं.

अप्पा परत आले. म्हणाले, विहीणबाईंनी स्वेटर उलटून पालटून बघितला, पाठीवरून हात फिरवला आणि सणापर्यंत कपाटात ठेवून कुलूप लावलं. अप्पा खुशीत होते. मी मात्र परवापासून जेवले न्हाई नीट.

तो गळा काकासाहेबांच्या डोक्यातून जाणार न्हाई. घालून सैल होतो, हे मी खोटं लिहिलं. सणाआधी घालू नको, तेही मुद्दाम लिहिलं. गळ्याचे टाके मी बारीक सुयांवर, धागा ओढून ओढून बंद केलेत. पहिल्यांदा विणणारी पोरगी करते ना, तसे. मला पंधरा वर्षं झाली विणून. माझ्या हातून चुकून असं होत न्हाई.

मला काय पाहिजे होतं ते सांगते, आता झाकून काय उपयोग. चारचौघींत त्यांचं डोकं अडकावं, सासूनं तुझ्या हातात सुया द्याव्यात आणि म्हणावं, कर सैल. आणि तुला काही येऊ नये. बस, एवढंच डोळ्यांपुढं होतं.

वैशाखात ते तुला बघायला आले तो दिवस आठव. बाजेवर माझी शाल, माझे दोन स्वेटर, माझे मोजे, सगळं मांडलेलं. हे आमच्या शिवकन्याचं, असं अप्पा सांगून राह्यले. आणि मी मागच्या खोलीत, ज्वारीच्या पोत्यावर. मायनं येऊन सांगितलं, खोकूसुद्धा नको. थोरली सासरी नांदते, असं त्यांना सांगितलेलं. नवऱ्यानं दुसरी आणली म्हणून चार वर्षांपासून माहेरी बसलेली बहीण दिसली तर सोयरीक मोडंल, एवढं मला कळत होतं. मायला मी बोलले न्हाई, पण माफही केलं न्हाई. अजून तिच्या हातचा चहा घेताना ते आठवतं. भिंतीपलीकडून तुझी सासू म्हणाली, पोरीचे हात गुणाचे आहेत. मी तेव्हा माझ्या हातांकडं बघत बसले होते.

ते पण गिळलं असतं. दिवाळीत तू गोजरबाईला सांगत होतीस, सासूबाई गल्लीभर माझ्या विणण्याचं कौतुक करतात. आणि हसून राह्यली होतीस. लाजून न्हाई, खुशीत. चार दिवस मी तुला सुलट-उलट शिकवत होते आणि तू टाके सोडत होतीस, तरी तुला ते खरंच वाटायला लागलं होतं. तेच मनात घेऊन मी गळ्यापर्यंत आले.

अप्पा गेले त्या रात्रीच मी पस्तावले. तुला तिथून परत पाठवलं तर? या घरात परत आलेली एक आहे तेवढी पुरे. ते कसं असतं मला विचार.

आता ध्यान देऊन वाच आणि पाठ कर. काही करून स्वेटर एकदा हातात घे. डाव्या खांद्याच्या शिवणीजवळ आतून एक गाठ आहे. ब्लेडनं गाठ काप आणि धागा ओढ, शेवटची ओळ सरसर सुटंल. सुटलेले टाके सुईवर घे, शंभर भरले पाहिजेत. मंग आठ नंबरच्या जाड सुयांवर, हात बिलकुल सैल ठेवून, दोन टाके विण आणि पहिला दुसऱ्यावरून ओढून काढ. परत एक विण, परत काढ. दिवाळीत तुला एवढं एकच जमलं होतं.

घाबरू नको. मला शिव्या दे, पण सणाआधी दे.

अक्का


भोकरदन,
गुरुवार, १६ जानेवारी १९७५

अक्का,

तुझं पत्र सोमवारी मिळालं. कपाटाची किल्ली सासूबाईंच्या कमरेला. मी दोनदा मागितली, इस्त्री करायची म्हणून. त्या म्हणाल्या, सुनेनं विणलेल्याला कशाला पाहिजे इस्त्री. मंग मी तुझं पत्र चुलीपुढं बसून पाठ केलं आणि जाळलं.

मंगळवारी ओसरीवर वीस-बावीस बाया होत्या. सासूबाईंनी ह्यांना हाक मारली. स्वेटर कानापर्यंत आला आणि अडकला. हे आत धडपडून राह्यले, बाया तोंडाला पदर लावून हसून राह्यल्या. सासूबाईंनी स्वेटर ओढून काढला आणि घरातून सुया आणून माझ्यापुढं ठेवल्या. म्हणाल्या, बस इथंच, दे सैल करून, नवीन घरात होते अशी गडबड.

मी गाठ शोधली, कापली. ओळ सुटली. टाके सुईवर घेतले, शंभर भरले. एकही सुटला न्हाई. तू लिहिलं तसं सैल बंद केलं. स्वेटर परत घातला, ह्यांचं डोकं बाहेर आलं. कुणीतरी म्हणालं, बघा कशी पटापट केली. सासूबाईंनी सगळ्यांदेखत माझी अलाबला घेतली, कानशिलावर बोटं मोडली.

संपलं होतं अक्का. बराबर निभावलं होतं. पण त्यांची बोटं माझ्या कानाजवळ होती आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "हे मी विणलं न्हाई. माझं काहीच मी विणलेलं न्हाई. माझ्या अक्कानं विणलंय. ती सासरी नांदत न्हाई, आमच्याच घरी असते."

बाया वाण घेऊन लवकरच गेल्या. दोन दिवस झाले, हे शाळेत शिकवून आले की बाहेरच बसतात. सासूबाई जेवायला वाढतात, बोलत न्हाईत. आज सकाळी मात्र त्यांनी विचारलं, आम्ही आलो तेव्हा ती कुठं होती? मी म्हटलं, मागच्या खोलीत. त्या म्हणाल्या, "कुणी बसवलं तिला तिथं?"

मी म्हटलं, मायनं.

एवढं सगळं खरं सांगून तेवढं मी परत खोटं बोलले. त्यांना सांगायला जीभ रेटली न्हाई, म्हणून तुला सांगते. माय तुला बाहेर बसवणार होती. तुझ्यासाठी तिनं तिचं निळं लुगडं पेटीतून काढलं होतं. म्हणत होती, थोरलीला लपवून धाकटीचं करायचं न्हाई मला, होईल ते होऊ दे. मीच तिचे पाय धरले. म्हटलं, ती बाहेर आली तर मी विहीर जवळ करीन. तुला काय काय सांगायचं तेही मीच तिला सांगितलं. ती तुझ्याकडं आली तेव्हा रडून आली होती. तू तिच्याकडं बघितलं न्हाईस.

त्या माउलीला आज तरी बोल. मला ठेवतील का पाठवतील, मला माहीत न्हाई. पाठवलं तर त्या घरात तुझ्यासमोर कशी बसू, तेच कळत न्हाई.

आशीर्वाद मागत न्हाई. नुसतं नाव लिहिते.

शिवकन्या