टिल्लूची फी

ता. ४ जून

ती. स्व. मामास,
सा. न. वि. वि.

तुझी बबडी अखेर नोकरीला लागली. आणि कुठे, तर आपल्या टिल्लूच्या शाळेत! शिकवायला नव्हे, मागायला. शाळेच्या देणगी कार्यालयात. जिन्याखालची खोली, दोन टेबलं, एक पंखा, तोही आमच्या मोठ्या बाईंच्या डोक्यावर. त्यांना सगळे पाठीमागे 'सरकार' म्हणतात आणि समोर काहीच म्हणत नाहीत.

माझं काम असं, की दर महिन्याला नेमानं थोडंथोडं देणारी जी माणसं आहेत, त्यांना हळूहळू मोठ्या देणगीकडे न्यायचं. सरकार म्हणतात, नेमानं देणाऱ्याचं मन शाळेत असतंच, फक्त हात सैल करायचा असतो. त्याला शाळा फिरवून दाखवायची, काय उभं राहिलेलं पाहायला आवडेल ते विचारायचं, मग आकडा सांगायचा आणि गप्प बसायचं. जो आधी बोलतो तो हरतो म्हणे. मला गप्प बसायचा पगार मिळणार, हे आईला अजून खरं वाटत नाही.

या नेमानं देणाऱ्यांत तुझं नाव निघालं, मामा. तुझ्या टिल्लूला जाऊन इतकी वर्षं झाली आणि तू अजून पाठवतोस, हे आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं. आतल्या गाठीचा आहेस हं. वाचून मला भरून आलं.

शिवणकामाच्या नादात जेवण विसरू नकोस. मागणाऱ्यांत गेले म्हणून माया आखडती घेऊ नकोस, एवढंच मागणं.

तुझी बबडी

ता. १५ जून

चि. बबडीस अनेक आशीर्वाद.

पत्र शेजारच्या चष्मेवाल्याला वाचून दाखवलं. लहानपणी तू दुकानात रंगीत बटणं मागायचीस आणि मिळेपर्यंत जागची हलायची नाहीस. शाळेनं माणूस बरोबर हेरलाय.

पैशांत लपवण्यासारखं काही नाही. टिल्लूला वसतिगृहात ठेवलं तेव्हा जी फी ठरली होती, तीच पाठवतो. तो तापानं गेला आणि निरोप मिळून मी पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. मी त्याला शेवटचं पाहिलं ते फाटकातून आत जाताना, पाठीवर दप्तर, मागं वळूनसुद्धा न बघता. त्यानंतर फीची तारीख आली आणि पैसे भरले गेले. मामी होती तोवर म्हणायची, आता कशाला? मी म्हणायचो, राहू दे. शाळा त्याला देणगी म्हणते, तर म्हणू दे.

मोठं देणं मात्र माझ्याच्यानं व्हायचं नाही. शिंप्याचा हात लांब होतो तो कापड मोजताना. तुझ्यावरची माया तेवढी सढळ आहे, ती घे.

तुझा मामा

ता. २८ जून

ती. स्व. मामास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी घरी कपाटात ठेवायला हवं होतं. टेबलावर राहिलं आणि सरकारांनी वाचलं. त्या म्हणाल्या, सख्ख्या मामाकडे तोंड उघडत नसेल तर परक्याकडे काय उघडणार? मी अजून कच्ची आहे, सहा महिन्यांत काही दाखवलं तरच पक्की होईन.

म्हणून विचारते. वाचनाची खोली नव्यानं करायची आहे. छत गळतं, कपाटांना वाळवी लागलीय. ती खोली टिल्लूच्या नावानं होऊ शकते. दारावर त्याचं नाव लागेल, आणि पोरं रोज ते वाचून आत जातील. दुकान वाढवायला तू जे बाजूला ठेवलंयस त्यात हे बसतं, असं आईनं सांगितलं. आकडा वेगळ्या कागदावर आहे.

आता कामाच्या रीतीप्रमाणे मी गप्प बसते. तुझं उत्तर येईपर्यंत माझं पत्र नाही. रागावलास तरी माझाच राहा.

तुझी बबडी

ता. ९ ऑगस्ट

चि. बबडीस अनेक आशीर्वाद.

जिंकलीस. मी तीन पोस्टकार्डं टाकली, हवापाण्याची, तुझ्या आईच्या गुडघ्याची. तू एका शब्दानं उत्तर दिलं नाहीस. पोस्टमन आता लांबूनच मान हलवतो. मामी गेल्यापासून या घरात बिलांखेरीज जे कागद येत होते ते तुझेच होते गं.

पैसे पाठवले आहेत. दुकान आहे तेवढंच बरं, मला एकट्याला काय पळायचंय त्यात? टिल्लूचं नाव रोज कुणीतरी वाचणार, हे तुझं म्हणणं मनात बसलं.

आता मात्र लिही. चार ओळी लिही, पण लिही.

तुझा मामा

ता. ३० सप्टेंबर

ती. स्व. मामास,
सा. न. वि. वि.

टिल्लूच्या खोलीच्या उद्घाटन समारंभाहून तू चहा न घेता का निघून गेलास? सगळे तुला शोधत होते. मी तुला पाटीसमोर उभा पाहिला. टिल्लूच्या नावाखाली 'स्मरणार्थ' लिहिलंय, त्या शब्दावर तू बोट फिरवत होतास, कापडाचा पोत बघावा तसं. मी हाक मारली तर तू ओळख नसल्यासारखं पाहिलंस.

मी पक्की झाले, तुझ्यामुळे. सरकारांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली. एक सांगायचं राहिलं. मोठी देणगी आली की महिन्याचं खातं बंद करायची इथली रीत आहे, म्हणजे देणाऱ्याला त्रास नको. म्हणून या महिन्याचे तू पाठवलेले पैसे परत आले असतील. आता सुटलास बघ त्या धावपळीतून.

चुकलं असेल तर कान धर, पण अबोला नको. तो मी करून पाहिला, वाईट असतो.

तुझी बबडी

ता. १८ ऑक्टोबर

चि. बबडीस अनेक आशीर्वाद.

पैसे परत आले. आणि मागोमाग टिल्लू घरी आला.

घाबरू नकोस. मला वेड लागलेलं नाही. गिऱ्हाइकांची मापं चुकत नाहीत, चष्मेवाल्याशी रोज गप्पा होतात. पण दुपारी मशीन थांबवलं की कापायच्या टेबलाखाली हालचाल होते. तो लहानपणी तिथंच बसायचा. मी केरात लोटलेल्या चिंध्या सकाळी टेबलाखाली रंगाप्रमाणे लावलेल्या असतात, निळ्या निळ्यांत, पांढऱ्या पांढऱ्यांत. वाकून बघितलं की कुणी नसतं. दाराच्या खिळ्याला दप्तराचा पट्टा घासल्यासारखा आवाज येतो.

पहिले दिवस मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. इतक्या वर्षांनी पोर घरी आलं. दोन ताटं वाढली. पण तो रमत नाही गं. शाळा सुटलेल्या पोराचा पाय घरात ठरत नाही तसा सारखा दाराशी जातो. फी बंद झाली, नावाखाली तो शब्द लागला, शाळेनं त्याला काढून टाकलं. मग तो जाणार कुठे? इतकी वर्षं मला एवढंच ठाऊक होतं, की फी जातेय तोवर तो तिथं आहे आणि बरा आहे. आता तो कुठलाच नाही.

मोठं देऊन मी त्याला घालवला, असं मला वाटतं. तुला दोष नाही. माझी माया आहे तिथंच आहे.

तुझा मामा

ता. २५ ऑक्टोबर

ती. स्व. मामास,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून मी खूप रडले. आईला दाखवलं नाही. डॉक्टरकडे ने म्हणाली असती, आणि तू मापं बरोबर घेतोयस हे तिला पटलं नसतं.

मी सरकारांकडे गेले. महिन्याचं खातं पुन्हा उघडा म्हटलं. त्या म्हणाल्या, वर नेलेला माणूस कुणी खाली आणतं का, उद्या सगळे हेच म्हणतील. मी आकडा सांगितला नाही, कारण दिलं नाही, नुसती उभी राहिले. त्यांनीच शिकवलेली रीत. बऱ्याच वेळानं त्या आधी बोलल्या. म्हणाल्या, उघड बाई, पण माझ्या डोळ्यांसमोरून जा. माझी बढती या वर्षी नाही, हेही त्यातच आलं. जाऊ दे.

पाटी सुताराकडून काढवली. खालचा शब्द घासून टाकला. आता नुसतं टिल्लूचं नाव आहे, वर्गातल्या कुठल्याही पोराचं असावं तसं. तू फी पाठव. नेहमीचीच, एक पैसाही जास्त नको, जास्त आली तर मी परत करीन.

मला घट्ट धरून ठेव, मीच घाबरलेय.

तुझी बबडी

ता. ६ नोव्हेंबर

चि. बबडीस अनेक आशीर्वाद.

फी भरून घरी आलो. दार उघडंच ठेवलं होतं. दुपारभर टेबलाखाली काही हाललं नाही. मग पट्ट्याचा तो आवाज झाला आणि पायरीवरून कुणी उतरल्यासारखं वाटलं. मी उठलो, पण मागं गेलो नाही. बापाला मागं येताना बघून त्याला लाज वाटायची.

आज चिंध्या मी टाकल्या तशाच पडून आहेत. घर इतकं मोठं आहे हे लक्षातच नव्हतं.

तेव्हा फाटकाशी सोडून आलो आणि नंतर कळलं ते तो गेल्याचंच. तेच माझ्या डोक्यातून जात नाही. तू तिथंच आहेस म्हणून विचारतो, तो नीट पोचला का? माझं समाधान करायला लिहू नकोस. असेल तेच लिही, मी ऐकून घेईन.

तुझा मामा

ता. १४ नोव्हेंबर

ती. स्व. मामास,
सा. न. वि. वि.

देणाऱ्याला बरं वाटेल ते लिहायचं, हेच माझं रोजचं काम आहे. म्हणून तुझं पत्र हातात धरून मी दोन दिवस नुसती बसले. काल शाळा सुटल्यावर वाचनाच्या खोलीत गेले. खरं तेच लिहायचं असं ठरवून गेले होते. खुर्च्या, कपाटं, खिडकीतलं ऊन, बाकी काही नव्हतं. 'तो इथं नाही', असंच लिहायचं ठरवून मी उठले.

शिपाईदादा किल्ल्या घेऊन आले आणि दार ओढू लागले. माझा हात मध्ये गेला, मामा. कसा गेला ते मला माहीत नाही. ते म्हणाले, ताई, आत कुणी नाहीये. मी त्यांना म्हटलं, थांबा जरा, अजून एकजण वाचतोय. त्यांनी आत पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि किल्ल्या खिशात टाकून पायरीवर बसले. आम्ही दोघं अंधार पडेपर्यंत थांबलो.

मामा, तो पोचला. बरा आहे.

पुढच्या महिन्याची फी वेळेवर पाठव.

तुझी बबडी