परीक्षकांकडे गेलेल्या मुंग्या

ती. आईस,

तुझ्या थोरलीचा वाकून नमस्कार, आणि वाकलेच आहे तर तळपायाला एक गुदगुली.

मी मजेत आहे. वेळेवर जेवते, झोपते, केसांना तेलही लावते. यातलं एक खोटं आहे, कोणतं ते तू ओळखशीलच.

मुंग्यांवरचा माझा शोधलेख चार महिने झाले मासिकाच्या दोन परीक्षकांकडे पडून आहे. ते दोघं कोण, हे आम्हाला कळू देत नाहीत. दिवसातून दहा वेळा मी संगणक उघडून बघते, आणि रोज तेच: 'परीक्षण चालू आहे'. तू मात्र काळजी करू नकोस.

बाबांचा गुडघा काय म्हणतो? धाकटी शिलाई मशीनला हात लावते, की तुझ्याशी नुसत्या गप्पाच हाणते?

एक सांगायचं राहिलं. परवा जुनी वही चाळताना दिसलं, की मुंग्यांची एक डबी मी हिशेबात चुकून दोनदा धरली होती. त्यानं निष्कर्ष बदलत नाही. माझे मार्गदर्शक सर म्हणाले, "कुणी विचारलं तर बघू." पण मला तुझी ती नवरी आठवली. तिच्या ब्लाउजची डावी बाही तू उजवीकडे जोडली होतीस. तिच्या लक्षातही आलं नव्हतं, तरी तूच तिला सांगितलंस. आज सकाळी मीही संपादकांना स्वतःहून कळवून टाकलं. सर तेव्हापासून गप्प आहेत.

आई, खरं सांग हं. ती नवरी पुन्हा कधी आली का गं तुझ्याकडे शिवायला?

तुझीच,
मुंगीवाली