रांगोळीवरचा थेंब

२६ डिसेंबर १९५३, पेडगाव
आज पुन्हा गाडीखाली ओलं. पेट्रोलचा वास थेट स्वयंपाकघरात. आई ओरडली, "चूल पेटवायचं भ्या वाटायलंय रे! ती मोटार तरी काढ घरातून, न्हाईतर मला तरी काढ." ढकलत गोठ्यापलीकडं नेली. बैलांनीसुद्धा तोंडं फिरवली.
शांता बाळंतपणाला माहेरी गेली ती अजून तिथंच. पोरीला एकदाच पाहिलंय, बारशाला. त्या दिवशी ही गाडी मामांच्या, म्हणजे सासऱ्यांच्या, अंगणात टपटपत उभी. चार माणसांत म्हणाले, "जावईबापू, तुमची मोटार आमच्या दारात मुतायलीय." सगळे हसले. मी पण हसलो. काय करणार!
मग हुकूम : "असल्या गाडीत लेक-नात बसवणार न्हाई. थंडीत बसगाडीनं बी न्हाई. गळती थांबवून या, न्हाईतर पाडव्यानंतर बघू."
पाडवा! आईनं संक्रांतीला पोरीचं बोरन्हाण धरलंय. आणि मी? मी काय धरू.

२९ डिसें.
टाकी पुढं, काचेच्या खाली. तिथून तांब्याची नळी उतरते ती इंजिनाला. नळीच्या खालच्या तोंडाशी पेचाचा नट, तिथंच थेंब लटकलेला. सापडला चोर! नट आवळला. वरून कपडे धुण्याचा साबण मळून चांगला थापला, सगळे ड्रायव्हर हेच करतात.
कोरडी! आईला सांगितलं, लाडूचे तीळ निवडायला घे.

३० डिसें.
कसली कोरडी. सकाळी पुन्हा थेंब. साबण जागच्या जागी, आणि थेंब त्याच्यावरूनच ओघळलेला. हट्टी आहे. मी पण आहे.

२ जाने.
नट खोलला, धागा गुंडाळला, पुन्हा साबण. पुन्हा गळती. चिडून पाना फेकला तो कोंबडीला लागता लागता राहिला. आई म्हणे, "कोंबडीनं काय केलं तुझं?"
हाताचा वास जात नाही. शां. असती तर ताट वाढून लांब बसली असती, नाकाला पदर लावून. "आधी हात धुऊन या, मग बोला." किती वैताग यायचा मला त्याचा. आता कुणी म्हणत नाही. लय सुनं वाटतंय जेवताना.

५ जाने.
फाट्याकडून बाजाराला आलेला मामांचा गडी भेटला. देवगाव फाट्याहून मामांचं गाव जवळच. पोर पालथी पडायलीय म्हणे. कुणाचाही आवाज आला की मान वर करते.
कुणाच्याही आवाजाला. माझा आवाज तिला माहीत तरी आहे का?
त्याच्याच हाती निरोप दिला, मी बारा तारखेला गाडी घेऊन येतो. बोलून बसलो. आता गाडी दुरुस्त झालीच पाहिजे.

७ जाने.
देवळीत शां.चा रांगोळीचा डबा दिसला. एकदम सुचलं. नळी फडक्यानं वरपासून खालपर्यंत कोरडी पुसली, तिच्यावर रांगोळी भुरभुरली, आणि पेट्रोलची चावी सोडली. आई बघत होती. "आता मोटारीला बी हळदीकुंकू करायलास का?"
खालचा नट पांढराच. ओल आली ती वर, टाकीच्या अगदी बुडाशी, जिथं डोकं घालूनसुद्धा दिसत नाही. तिथून नळीवरून ओघळून खाली यायची. इतके दिवस मी नटाला शिव्या घातल्या. गरीब बिचारा.
हात घातला तर बोटाला काहीतरी लागलं. तार. ओढून काढलं : बिब्बा, घोड्याच्या नालेचा तुकडा, वर काळी चिंधी. चिंधी शां.च्या जुन्या लुगड्याची.
मागं एकदा तिनं बंपरला लिंबू-मिरची-बिब्बा बांधला होता. मी हसून काढून टाकला, "ही बैलगाडी आहे का?" तेव्हा गप्प बसली. मला वाटलं, विषय संपला. आणि हिनं जाण्याआधी, त्या अवघडल्या अंगानं, वाकून, मला दिसणार नाही अशा जागी बांधलं. मी एकटाच हिंडणार म्हणून. नाल धक्क्यानं नळीवर घासत राहिली, नळी झिजली, चीर पडली.
गोठ्यामागं जाऊन बसलो बराच वेळ. ये गं बाई आता. काय बांधायचं ते बांध.

९ जाने.
कल्हईवाले रहीमचाचा गावात आलेत. नळी काढून दिली. म्हणाले, "पैले धो, सुखाव मालक. अंदर पेट्रोल रह्या तो मैं बी जाता, तुम बी जाते." साबणाच्या पाण्यानं धुतली, दिवसभर उन्हात वाळवली. मग कथलाचा डाग दिला. चकाकतो रुपयागत.
आईनं विचारलं, कशानं फुटली? म्हटलं, जुनी झाली होती.

११ जाने.
दोन दिवस गाडीखाली रांगोळी. पांढरी शुभ्र. परभणीपर्यंत हाकून आलो, तरी पांढरी. उद्या निघतो. आईनं तिळाचे लाडू बांधून दिलेत, आणि पोरीला झबलं.
बिब्बा टाकवेना. स्टिअरिंगच्या दांड्याला बांधला, नाल नीट चिंधीत गुंडाळून. लोक हसतील. हसू देत.

१२ जाने., मामांकडं
दुपारी पोचलो. मामा चष्मा लावून गाडीभोवती फिरले. "कुठं गळत होती?"
शां. दाराआड उभी, पोर कडेवर. वाळलीय थोडी. म्हटलं, "नळी जुनी झाली होती, मामा. टाकीच्या बुडाशी. रांगोळी भुरभुरल्यावर दिसलं."
टाकीच्या बुडाशी म्हटल्यावर तिचा चेहरा उतरला. मग स्टिअरिंगवर नजर गेली. काळी चिंधी बघितली, मला बघितलं, आणि आत निघून गेली.
मामा म्हणाले, "रातभर उभी ऱ्हाऊ द्या. सकाळी थेंब दिसला तर लेक ऱ्हाईल."
तेवढ्यात शां. बाहेर आली, हातात डबा. बापासमोर गाडीखाली वाकून रांगोळी पसरली, चांगली जाड. उठताना हळूच म्हणाली, "हात धुतले का?"
पाव्हण्यासारखा ओसरीवर बसलोय. आत पोर हुंकारतेय. मी मुद्दाम मोठ्यानं खाकरलो. हुंकार थांबला. ऐकायलीय वाटतं.
दिवे लागले. आत्ताच वाकून बघून आलो. रांगोळी पांढरी आहे. रात्र सगळी बाकी आहे अजून.