नदीशाच्या व्हिसाची चौकशी

वडगाव रासाई, गुरुवार

माझ्या बायकोचा, नदीशाचा व्हिसा सोमवारी संपतो. नवरा-बायको एकत्र राहतात असं पोलिसांनी लिहिलं तरच तो वाढेल. नाही तर तिला श्रीलंकेला परतावं लागेल आणि मुलगी इथं माझ्याजवळ राहील. दिवाळीपासून ती सणसवाडीत खोली घेऊन राहते. आज चौकशीपुरती घरी आली.

हवालदार म्हणाले, "वहिनी, चहा तरी पाजा." तिनं साखरेचा म्हणून डबा उघडला. आत मीठ. डबे मी हलवलेत, तिला कसं ठाऊक असणार? तिचा हात तिथंच थांबला. हवालदारांनी माझ्याकडे पाहिलं. एक वाक्य पुरलं असतं. मी बोललो नाही. विसरलो म्हणू? नाही. तो थांबलेला हात मला दिसत होता, आणि मुलगी आता माझीच, असं मनात आलं होतं.

साक्षीला बसलेले शेजारचे आप्पा हसले. "साहेब, ह्यो मास्तर रोज डबं हलवतोय. बायकूची परीक्षा घेतो जनू!" हवालदारही हसले. एकत्र राहतात, असं लिहून त्यांनी आमच्या सह्या घेतल्या.

एसटीची वाट पाहताना नदीशानं विचारलं, "आप्पा नसते तर?"

मी एसटी येते का ते पाहू लागलो.