शिवलेलं मॅन्युअल

बाबा, तुम्हाला जाऊन एवढी वर्षं झाली, पण तुमच्यावरचा माझा राग काही गेला नाही. कोणी तुमच्या बाइंडिंगचं कौतुक केलं की मी मान डोलावते आणि आतून जळते.

ऐंशीच्या दशकात आमच्या ऑफिसात कॉम्प्युटर आला आणि त्याच्यासोबत ते जाडजूड मॅन्युअल, रिंगांच्या फाइलमध्ये अडकवलेली सुट्टी पानं. त्या मशीनवर बसायला मला निवडलं होतं, डिस्पॅचमधून कशीबशी सुटले होते. वापरून रिंगा ढिल्या झाल्या तेव्हा साहेब म्हणाले, ऑफिसची रजिस्टरं तुमचे बाबाच बांधतात, तेवढी फाइल नीट करून आणा.

पोरीचं काम म्हणून तुम्ही ते गांधीबागेतल्या दुकानात नेलं नाही, इंदोऱ्याच्या घरी स्वयंपाकघरातच मांडी घालून बसलात. पानं चाळून नाक मुरडलंत. "सुट्ट्या पानाचं काय पुस्तक असते वं?" भोकांची कड ओंगळ दिसते म्हणून छाटून टाकलीत. आरीने टोचून मेणाच्या दोऱ्याने शिवलंत, लाल कापडाचा पुठ्ठा चढवलात आणि दाबायला वर आईचा पाटा ठेवलात. दोन दिवस घरात चटणी वाटली गेली नाही. मी बघतच होते, आणि मला ते फार देखणं वाटलं.

पंधरा दिवसांत कॉम्प्युटरच्या कंपनीकडून नवी पानं आली. प्रोग्रॅम बदलला की जुनं पान काढायचं, नवं त्याच जागी अडकवायचं, म्हणून तर छापणाऱ्यांनी रिंगा ठेवल्या होत्या. शिवाय उघडं ठेवलं की ते सपाट राहायचं, दोन्ही हात टायपिंगला मोकळे. तुमचं पुस्तक हात काढला की मिटायचं. साहेबांनी तुम्हाला बोलावलं. मी शेजारीच उभी होते. खोटं बोललो की आम्हाला उपाशी झोपवणारे तुम्ही, माझ्याकडे न बघता म्हणालात, "साहेब, मले काय समजते त्यातलं? पोरीनंच सांगतलं शिवाले."

केसाने गळा कापलात, बाबा. शिवा म्हणून मी कधीच सांगितलं नव्हतं. पण चारचौघांत तुम्हाला खोटं कसं पाडणार. आपलेच दात, आपलेच ओठ. रजिस्टरांचं काम तुमच्याकडे राहिलं आणि मी परत डिस्पॅचमध्ये, रिटायर होईपर्यंत पाकिटं चिकटवत. त्या संध्याकाळी तुम्ही संत्री आणलीत, एकेक सोलून माझ्यापुढे ठेवलीत. मी हात लावला नाही. त्या खोट्याचा विषय तुम्हीही काढला नाहीत, मरेपर्यंत.

मॅन्युअल भंगारात निघालं तेव्हा मी ते घरी आणलं. आज उघडून बसले आहे, एक टाका उसवलेला नाही. हे पत्र त्यातच ठेवीन, पाठवायचं तरी कुठे.

शिवण्याआधी तुम्ही मला विचारलं होतं, "पानं सुट्टी काहून ठेवली असन त्याईनं?" मी म्हटलं होतं, घाईत असतील. उत्तर पहिल्याच पानावर इंग्रजीत छापलेलं आहे. सगळं मॅन्युअल वाचलंय, असं साहेबांना सांगून मी ती खुर्ची मिळवली होती. ते पान मी आज पहिल्यांदा वाचलं.